बघावं तेच दिसत नाही

घरातल्या एखाद्या दाराच्या चौकटीसमोर उभं राहा. डावा डोळा तळहातानं झाका आणि उजव्या डोळ्यानं चौकटीची उभी कड बघा. मग उजवा झाका, डाव्यानं बघा. कड कुठं वाकडी दिसली, मधेच पुसल्यासारखी दिसली, तर चौकटीला दोष देऊ नका. त्याच आठवड्यात डोळ्याचा डॉक्टर गाठा. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं महिन्यातून एकदा एवढं करावं. इथपर्यंत वाचून पुढचं सोडून दिलं तरी चालेल, माझं काम झालं.

मी चौथी पास. हे मी बोललो आणि माझी सून सुरेखा हिनं लिहून घेतलं. मधे मधे ती भाषा नीटनेटकी करायला लागली तेव्हा तिला म्हणालो, तुला तुझं लिहायचं असेल तर वेगळी वही घे.

ओळंब्याची दोरी

मी गवंडी. औसा तालुक्यात आमचं गाव. तिथं आणि आजूबाजूच्या पाच-सात गावांत मला मारुती मिस्त्री म्हणत. डावा डोळा मिटून भिंतीच्या कडेनं एकदा नजर टाकली की सुताचा फरक मला कळायचा. बाकीचे मिस्त्री आधी ओळंबा सोडायचे आणि मग बोलायचे. मी आधी बोलायचो, मग ते ओळंबा सोडून बघायचे, आणि मी बरोबर निघायचो. ह्याचा मला गर्व होता. तो लपवण्यात अर्थ नाही.

माझा मुलगा दत्ता लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आता मी त्याच्याकडंच राहतो. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी कुठून कुठून लातूरला येतात, गल्लीगल्लीत त्यांच्या खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. रस्त्यानं निघालो की तीन जण तरी 'सरांचे वडील' म्हणून वाकतात. दत्तानं घरावर मजला चढवायला काढला, शिकणाऱ्या मुलींना खोल्या द्यायला. काम अजीम मिस्त्रीकडं. पोरगा पस्तिशीचा, हात चांगला, पण मी उभा असल्यावर त्याच्या कामात नाक घालणारच.

मागची भिंत छातीपर्यंत आली तेव्हा मी डावा डोळा मिटून नजर टाकली. भिंतीला पोट आलं होतं.

"अजीम, पाड ही."

"चाचा, पाणसळ लावली की. सरळ हाय."

"तुझी पाणसळ अडाणी आहे. पाड म्हणतो ना."

त्यानं दत्ताकडं बघितलं. दत्ता म्हणाला, "आण्णा म्हणतात तर पाड." भिंत पाडली. पुन्हा बांधली. मी पुन्हा बघितलं. पुन्हा पोट. भूकंपानं माझं घर गेलेलं, त्यामुळं फुगलेली भिंत मला बघवत नाही. मी आरडाओरडा केला. अजीमला काय वाटेल ते बोललो, त्याच्या उस्तादालाही सोडलं नाही.

तो वर चढला आणि वरच्या विटेवरून ओळंबा सोडला. शिशाचा गोळा जरा डुलला, थांबला. मी डावा डोळा मिटून दोरीकडं बघितलं.

दोरी वाकडी होती. मधे पोट काढलेली, आणि त्या पोटात वीतभर दोरी नव्हतीच.

भिंत वाकते, चौकट वाकते, माणूस वाकतो. खाली गोळा लटकलेली दोरी वाकत नाही. एवढं चाळीस वर्षांत शिकलो होतो. मी उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं, तर मधे नुसता राखाडी डाग. तो डोळा कधी गेला तेही मला कळलं नव्हतं. चाळीस वर्षं मी तो मिटतच आलो होतो.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "बांध पुढं." आणि खाली येऊन बसलो.

दोन महिने

पुढचे दोन महिने मी कुणाला काही सांगितलं नाही. ही माझी चूक. वाचणाऱ्यानं ती करू नये म्हणून सांगतो. मला वाटायचं, बोललो नाही तर थांबेल. चहा बशीच्या बाहेर ओतला, सुरेखाला सांगितलं, बशीच लहान आहे. पेपर वाचायचा सोडला, सांगितलं, पेपरात राहिलंय काय.

एकदा दुपारी जिन्यावर कुणीतरी उभं होतं. पांढरा शर्ट, हातात पुस्तकं, तोंडाच्या जागी डाग. मला वाटलं, एखाद्या पोरीचा बाप खोली बघायला आला.

"कुणाला भेटायचं तुम्हाला?" मी विचारलं.

तो माणूस पायरीवर मटकन बसला. "आण्णा," तो म्हणाला, "मी दत्ता."

मग घरात जे व्हायचं ते झालं. दत्ता ओरडला, मी त्याच्यावर ओरडलो. "मी दरसाल पोरांना डोळा शिकवतो! फळ्यावर काढून शिकवतो! अन् माझ्या घरात माझा बाप..." मग लगेच दवाखान्यात चला म्हणाला. मी म्हणालो, लातुरात नको. इथं जिथं तिथं तुझी पोरं. सरांचा बाप आंधळा झाला म्हणत बसतील.

सुरेखा आतून म्हणाली, "मग नांदेडला चला मामा. माझं माहेर हाय. तिथं तुम्हाला कुत्रं ओळखत न्हाई."

मागून ओल

नांदेडच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही डोळ्यांत औषध टाकून, यंत्राला हनुवटी टेकवून त्यांनी लई वेळ बघितलं. मग सांगायला लागल्या. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. बाहेरचा उजेड त्याच्यावर पडतो. पडद्याच्या मधोमध एक लहान जागा असते. तोंडं ओळखणं, अक्षर वाचणं, सगळं बारीक काम तिथं चालतं. तुमच्या त्या जागेच्या मागून पाणी झिरपतंय.

"म्हणजे ओल," मी म्हणालो. "मागून ओल आली की गिलावा फुगतो. फुगलेल्या गिलाव्यावर काय सरळ दिसणार?"

त्या हसल्या. "बाबा, हे मी आता प्रत्येकाला सांगणार."

डाव्या डोळ्यातली ओल जुनी, वाळून डाग धरलेला. त्याला इलाज नाही. उजव्यात सुई देऊन ओल थांबवता येईल, गेलेलं मात्र सगळं परत येणार नाही. "दोन महिने आधी आला असतात तर..." त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. दत्ता शेजारी होता. त्यानं माझ्याकडं बघितलं असणार.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. शेतं कडेकडेनं दिसत होती आणि जिथं नजर लावावी तिथं डाग. सुरेखाला वाटलं, मला सुईची भीती वाटून राहिली. मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती. ती मी दत्ताला कधी सांगितली नव्हती, सुरेखाला कुठून सांगू?

कौसा

माझ्या बायकोचं नाव कौसा. लग्नानंतर बारा वर्षांनी आम्हाला दत्ता झाला. तो आठ वर्षांचा असताना भूकंप झाला. गणपतीचे दिवस. मी नांदेडला एका इमारतीच्या कामावर, दत्ता औशाला माझ्या बहिणीकडं. गावात घरी कौसा एकटी.

घर दगड-मातीचं, दोन हात रुंद भिंती. मीच बांधलेलं. लोक बघायला यायचे.

नांदेडहून मिळेल त्या गाडीनं निघालो. रस्ते भरलेले, पाऊस. मी पोचेपर्यंत गावातल्या चिता पेटून गेल्या होत्या. एकेका चितेवर किती तरी जण. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. माळेगावच्या जत्रेत काढलेला आमचा एकच फोटो होता, तोही ढिगाऱ्यात गेला. आठ दिवस मी उपसत होतो. पितळी तांब्या सापडला, फोटो नाही.

त्यानंतर मी कौसाचं नाव काढलं नाही. दत्ता बहिणीकडं वाढला. मी पुनर्वसनाच्या गावांत घरं बांधत हिंडलो, महिन्या-दोन महिन्यानं त्याला भेटायचो. लहानपणी तो विचारायचा, "आई कशी होती?" मी म्हणायचो, "चांगली होती. अभ्यास कर." पुढं त्यानं विचारणं सोडलं.

पण रोज सकाळी उठलो की भिंतीकडं बघायचो आणि तिचं तोंड आठवायचो. बावीस वर्षं. चूल फुंकून लाल झालेले डोळे, रुंद कपाळ. ते तोंड कुठं ठेवलेलं असतं, मला काय माहीत? मला वाटायचं, डोळ्यातच असणार. बघितलं डोळ्यानं, तर राहणारही डोळ्यातच. आता डोळा निघाला. म्हणजे ती पण निघाली. एसटीत बसून मी एवढाच विचार करत होतो. भिंती, पेपर, रस्ता सगळं गेलं तरी चालेल, पण तेवढं तोंड जाऊ नये.

सुई

डोळ्यात सुई म्हटल्यावर माणूस घाबरतो. मीही घाबरलो. म्हणून खरं ते सांगतो. सुई दिसत नाही. आधी थेंब टाकून टाकून डोळा बधिर करतात, मग तोंडावर हिरवं कापड घालतात. "आजोबा, वर बघा," असं सिस्टर म्हणते आणि कुणीतरी बोटानं दाबल्यासारखं वाटतं. तोवर झालेलं असतं. त्रास होतो तो आधी बाकावर बसून राहायचा. कुठल्या डोळ्यात द्यायची ते कळावं म्हणून भुवईवर चिकटपट्टी लावतात. सगळी म्हातारी माणसं कपाळावर पट्टी लावून ओळीनं बसलेली, लग्नातल्या वऱ्हाडासारखी.

महिन्याला एक खेप. सुरेखा बरोबर यायची. दत्ताचे तास बुडायला नकोत म्हणून मीच त्याला नको म्हणायचो, आणि तो आला नाही म्हणून मनात धरायचो. दोन्ही मीच करायचो.

बाकावर उमरीची एक बाई भेटायची, माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी मी हात चोळत होतो तर म्हणाली, "दादा, सुईला काय भ्यायचं? माझ्या सुनंचं बोलणं ऐकायला या एकदा. तिथं थेंब पण टाकत न्हाईत आधी."

तिसऱ्या खेपेनंतर उजव्या डोळ्यातली दोरी बरीचशी सरळ झाली. मधला डाग मात्र राहिला. मी अजीमच्या कामावर गेलो आणि सगळ्या मजुरांसमोर म्हणालो, "तुझी भिंत सरळ होती. डोळा वाकडा होता."

तो म्हणाला, "चाचा, तुमच्यामुळं एकच भिंत दोनदा सरळ बांधता आली. आता झोपेत पण बांधीन." मग जवळ येऊन हात धरला. विटांच्या ढिगातून मला बाहेर नेऊन सोडलं. कुणाला हात धरू दिला तो पहिलाच.

दत्ताचा तास

एका रविवारी मी दत्ताला म्हणालो, "परक्या पोरांना शिकवतोस, मला शिकव. हे दिसतं कसं?"

त्याला खरं वाटलं नाही. पण मग त्यानं वरच्या नव्या खोलीची खिडकी पुठ्ठ्यानं बंद केली, फटी कापडानं बुजवल्या आणि पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडलं. ऐन दुपार, बाहेर रखरखीत ऊन, आत अंधार. "समोरच्या भिंतीकडं बघा. सरळ नको, जरा बाजूला नजर ठेवा."

ही बाजूला बघायची रीत डॉक्टरीणबाईंनीही सांगितली होती. मधली जागा गेली की कडेनं बघायला शिकावं लागतं. मी छताच्या कोपऱ्याकडं बघितलं, आणि नजरेच्या कडेला चुना मारलेल्या भिंतीवर रस्ता उमटला. रंगासकट. पण उलटा. आभाळ खाली, रस्ता वर. क्लास सुटलेल्या पोरी सायकलवरून डोकं खाली करून चालल्या होत्या.

"हे काय रे?"

"असाच डोळा, आण्णा. हे भोक म्हणजे बाहुली, ही भिंत म्हणजे पडदा. पडद्यावर सगळं उलटंच पडतं."

"मग मला सरळ कसं दिसतं?"

"ते मेंदू करतो. पडद्यावरनं त्याला नुसत्या खुणा जातात. इथं उजेड, तिथं अंधार, इथं कड. त्यावरनं तो चित्र बांधतो. डोळा नुसता माल पोचवतो."

"म्हणजे मिस्त्री वरच बसलाय."

"हाव," दत्ता म्हणाला. तो हसत होता हे आवाजावरून कळलं. "अन् लई हट्टी मिस्त्री हाय. मधला माल आला न्हाई तर आजूबाजूचं बघून स्वतःच भर घालतो, पण चित्र अर्धं ठेवत न्हाई. म्हणून तर डावा डोळा गेलेला तुम्हाला कळला न्हाई."

मला विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. "मग बघितलेलं राहतं कुठं? डोळ्यात, का त्या मिस्त्रीपाशी?"

"डोळ्यात काहीच राहत न्हाई, आण्णा. उजेड गेला की पडदा कोरा. राहतं ते मेंदूत."

मी पुठ्ठा काढ म्हणालो. ऊन आत आलं. दत्ताला वाटलं, मी कंटाळलो.

न बोलावलेली माणसं

सहा महिन्यांनी मला माणसं दिसायला लागली.

आधी विटा दिसल्या. कोऱ्या भिंतीकडं बघत बसलो की तिच्यावर विटांचे थर चढायचे. एकही सांधा चुकलेला नाही, असं काम मी जन्मात बघितलं नाही. मग बायका आल्या. हिरव्या लुगड्याच्या, ओळीनं उभ्या. खऱ्या माणसांची तोंडं मला दिसत नव्हती आणि ह्यांची पापणी न पापणी दिसायची. बोलायच्या नाहीत. थोड्या वेळानं जायच्या.

मी कुणाला सांगणार? सांगितलं तर म्हणतील, म्हातारा बाधला, नाहीतर येडा झाला. पण खरं सांगतो, मी भ्यालो नाही. मी वाट बघायला लागलो. मिस्त्री आपल्या मनानं तोंडं बांधायला लागला असेल, आणि कौसाचं तोंड त्याच्याच जवळ असेल, तर आज ना उद्या तो ते बांधेल. मी रोज न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून भिंतीपुढं बसायचो. सुरेखा विचारायची, "मामा, काय करून राहिले?" मी म्हणायचो, "बसलोय."

लई बायका आल्या. एकही ओळखीची नाही.

शेवटी बाकावर उमरीच्या बाईनंच विषय काढला. "दादा, तुम्हाला काय दिसतं का हो? मला टोप्या घातलेली लेकरं दिसतात, फळीवर बसलेली. डॉक्टरीणबाई म्हणती, लई जणांना दिसतं, सांगायला लाजतात." मी आत गेल्यावर विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वेड नाही. डोळ्याकडून माल कमी आला की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं करतो. कालांतरानं कमी होतं.

"आपल्याला पाहिजे ते माणूस मागता येतं का?"

त्या म्हणाल्या, "नाही बाबा. ते कुणाच्या हातात नसतं. बहुतेक अनोळखीच येतात."

तुम्हाला अशी माणसं दिसत असतील तर घरच्यांना सांगा. घाबरू नका. आणि माझ्यासारखी वाटही बघू नका.

चमकी

त्या आठवड्यात मी दत्ताला सांगितलं. विटांचं, बायकांचं, आणि मी कुणाची वाट बघत होतो ते. बावीस वर्षांत त्याच्यासमोर कौसाचं नाव पहिल्यांदा काढलं. तो माझ्या खाटेवर बसला होता.

मग म्हणाला, "आण्णा, मला आईचं तोंड आठवत न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई कधी. आठ वर्षांचा होतो, आठवायला पाहिजे. पण न्हाई आठवत. नुसती चमकी आठवती. लाल खड्याची."

"होती," मी म्हणालो. "नाकात. उजवीकडं."

"डावीकडं."

"उजवीकडं! वीस वर्षं समोर बसून जेवलो मी."

"अन् मी काय बघितलं न्हाई का? माझ्या डोळ्यापुढं हाय अजून. डावीकडं."

"आठ वर्षांचं पोरगं, तुला काय डावं-उजवं कळत होतं?"

सुरेखा दारात आली. "बापलेक भांडताय तरी कशावरनं? चमकीवरनं?"

"तू जा गं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. ती गेली नाही.

मी दत्ताला विचारलं, "तू बघितलंस कुठून?"

"मांडीवरनं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून उताणा पडायचो. ती केसांतून हात फिरवायची, अन् मी वर बघायचो."

मी पाय पसरून बसलो. "ठेव डोकं."

"आण्णा, आता?"

"ठेव म्हणतो ना."

एवढा मोठा मास्तर, त्याच्यापुढं पोरं उभी राहतात. त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. जड होतं. "आता मी तुझी आई," मी म्हणालो. "लाव बोट, कुठं होती." त्यानं हात वर केला आणि स्वतःच्या डाव्या हाताकडं, माझ्या डाव्या नाकपुडीला बोट लावलं.

मी तसाच बसून समोर कौसा जेवायला बसल्याचं मनात आणलं. चमकी माझ्या उजव्या हाताला. आणि समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हातालाच येते. म्हणजे तिची डावीच नाकपुडी. तो खालून उलटा बघत होता, मी समोरून. चमकी एकाच जागी होती.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

सुरेखा नाक ओढत आत गेली. दत्ता उठायला लागला, मी त्याच्या कपाळावर हात ठेवून दाबून धरला.

"राहा. तिथनं अजून काय दिसायचं?"

मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, श्वास कळत होता.

"हनुवटीच्या खाली तीळ होता," तो म्हणाला. "बोलायला लागली की हलायचा."

वीस वर्षं मी त्या बाईसमोर जेवलो. सुताचा फरक ओळखणारा मी. मला तो तीळ ठाऊक नव्हता.

"केवढा होता रे?"

"जोंधळ्याएवढा," दत्ता म्हणाला, आणि माझ्या हनुवटीच्या खाली, गळ्याकडच्या बाजूला बोट टेकवून त्यानं मला जागा दाखवली.